मोटरहोमच्या मागे बांधलेल्या गाडीला मराठीत काय म्हणाल? आणि तिच्या मागच्या लाल दिव्याला?

भटकभवानी

आम्ही दोघं सध्या अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला मुक्कामी आहोत. वाळवंटातलं एवढंसं गाव, पण जानेवारीत इथे नजर जाईल तिथवर मोटरहोम उभे असतात. आमचंही फिरतं बिऱ्हाड त्यातलंच एक. त्याच्या मागे आमची छोटी गाडी चारही चाकांवर बांधलेली असते. मुक्कामाला पोचलं की ती सोडायची आणि भाजी, औषधं, पोस्ट सगळं तिच्यावर करायचं.

ही मागची गाडी स्वतः चालू नसते, त्यामुळे तिचे मागचे दिवे मोटरहोमच्या वायरीवरून पेटवावे लागतात. ते काम मी स्वतः करायला घेतलं आणि अडले. माझा धाकटा भाऊ सांगलीत ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. इथे रात्रीचे साडेआठ वाजले की तिकडे सकाळचे नऊ, म्हणजे त्याचं गॅरेज नुकतंच उघडलेलं. त्याला व्हिडिओ कॉल लावला. बॅटरीच्या उजेडात दाखवलं की डावीकडे वळायचा दिवा दिला की डावा तर लुकलुकतोच, पण उजवीकडचा लालही त्याच तालात मिणमिणतो. त्याने दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाला, "ताई, त्याला अर्थच नाही."

मी म्हटलं, अर्थ नाही म्हणजे? दोन तास राबतेय मी!

तो हसत सुटला. मला मात्र तेव्हापासून हे शब्द डोक्यातून जाईनात. तर प्रश्न असे:

१. या ओढत नेलेल्या गाडीला मराठीत एक शब्द हवा. इथले लोक तिला 'टोड' म्हणतात. म्हणजे 'ओढलेली' या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि बेडूक, दोन्ही एकाच उच्चारात.
२. टेललाइट, बॅकलाइट, पार्किंग, मागचा लाइट. तुम्ही काय म्हणता?
३. इथल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि वळण दाखवायला एकच लाल बल्ब असतो, आणि त्याला एकच वायर. तिला काय म्हणावं? हा शब्द भावालाही सुचला नाही.

शब्दखूळ

पहिल्याचं उत्तर तयार आहे: कर्षित वाहन. दुसऱ्याचं: पश्चदीप. शुद्ध आणि नेमके.

डबल फिलामेंट

पश्चदीप घेऊन आमच्या दुकानात या, मी तुम्हाला शेजारच्या पूजा साहित्य भांडारात पाठवीन.

मी कोल्हापूरला ३० वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, तर माझे दोन पैसे. दुकानात 'मागचा लाइट' म्हणून भागत नाही, कारण मागे दिवे चार प्रकारचे असतात. रात्री सतत जळतो तो पार्किंग. पाय दाबल्यावर लागतो तो ब्रेकलाइट. वळताना लुकलुकते ती साइड. मागे घेताना पांढरा लागतो तो रिव्हर्स. पार्किंग आणि ब्रेक बहुतेक एकाच बल्बात, ५ वॅटची बारीक तार आणि २१ वॅटची जाड तार. त्यालाच डबल फिलामेंट म्हणतात, आणि माझं नावही त्यावरूनच घेतलंय. 'बॅकलाइट' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी विचारायचो, "पाय दाबल्यावरचा की नुसता?"

भावाचं निदान बरोबर आहे. अर्थ म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट. ती वाट बंद असली की वीज दुसरी वाट शोधते. डाव्या बल्बाच्या जाड तारेतून आलेली वीज त्याच्याच बारीक तारेतून उलटी शिरते, पार्किंगच्या वायरीवरून पलीकडच्या दिव्यात जाते आणि तिथून कशीबशी परतते. म्हणून तोही तालात मिणमिणतो. 'एक दिवा लावला की दुसराच लागतो' अशी तक्रार आली की मी बल्बाला हात लावायच्या आधी अर्थ बघतो.

शब्दखूळ

बरं, दिव्यावरची हार मान्य. पण 'अर्थ' बघा कसा आहे. हा इंग्रजी 'पृथ्वी'वाला शब्द आपल्याकडे साहेबाबरोबर आला. अमेरिकेत त्यालाच 'ग्राउंड' म्हणतात. म्हणजे भटकभवानी ताईंचा भाऊ ब्रिटिश शब्द वापरतोय, ताई अमेरिकन वायर धरून बसल्यात आणि ऐकू येतोय संस्कृत शब्द! जोडाक्षरही तेच, उच्चारही जवळजवळ तोच. घराच्या वायरिंगचं आपण 'अर्थिंग' केलं म्हणून तिथे गोंधळ होत नाही. गाडीत मात्र नुसता 'अर्थ' राहिला. 'अर्थ मारला', 'अर्थ सुटला', 'बॉडी अर्थ'. 'अर्थ सुटला' हे तर एखाद्या कवितेबद्दलही म्हणता येईल.

बर्मिंगहॅमकर

इथे इंग्लंडात अजून अर्थच म्हणतात. आणि ताईंचा तिसरा प्रश्न इथे पडतच नाही, कारण युरोपात वळणाचा दिवा पिवळाच लागतो, ब्रेकपासून वेगळा. भारतातही तसंच. अमेरिकेत मागचा वळणदिवा लाल चालतो, म्हणून तिथे एका बल्बाकडून दोन कामं करून घेतात. जिथे वस्तूच नाही तिथे शब्द कुठून येणार? भावाला शब्द सुचला नाही यात त्याचा दोष नाही.

अवांतर: इथल्या सात पिनांच्या जुन्या ट्रेलर-प्लगमध्येही डावी साइड पिवळ्या वायरीवर, उजवी हिरव्यावर आणि पांढरी अर्थ असते. अमेरिकन चार वायरींच्या प्लगशी हे तिन्ही जुळतं.

भटकभवानी

हो! पांढरी अर्थ, तपकिरी पार्किंग, पिवळी डावी, हिरवी उजवी. आणि इथेच आमची पहिली वादावादी झाली. भाऊ ठामपणे सांगत होता, "हिरवी बॉडीला लाव." घरच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थ, ते त्याच्या डोक्यात. मी तसं केलं असतं तर उजवीकडे वळताना थेट फ्यूज उडाला असता.

दर्यावर्दी

पहिल्या प्रश्नावर. अमेरिकेत टोडइतकाच दुसरा एक शब्द या गाडीला वापरतात: डिंगी. मोठ्या जहाजामागे दोरीने बांधलेली छोटी होडी. जहाज नांगरलं की माणसं डिंगीत बसून किनाऱ्याला जातात, ताई मुक्कामाला पोचून भाजी आणायला जातात अगदी तशा. आणि गंमत म्हणजे हा इंग्रजांचा शब्द मुळात आपल्याकडचा, हिंदी-बंगालीतून गेलेला. तर परत घ्या की. नाक मुरडायचं कारण नाही, माल आपलाच आहे.

आमच्या रत्नागिरीकडे अशा लहान होडीला पगार म्हणतात, पण 'मोटरहोमच्या मागे पगार बांधलाय' म्हटलं तर नातेवाईक उधारी मागायला येतील.

डबल फिलामेंट

सोपा शब्द सगळे विसरले. टोचन! घाटात ट्रक बंद पडला की टोचन लावतात, ट्रॅक्टर चिखलात रुतला की टोचन लावतात.

शब्दखूळ

टोचन सुंदर शब्द आहे. ओढायच्या साखळीचा इंग्रजी शब्द कानावर पडून पडून झिजलेला दिसतो, टो-चेनचं टोचन. आता त्यात कुणाला साखळी दिसत नाही, दोरीने ओढलं तरी टोचनच. पण इथे चालेल का? टोचन म्हटलं की मागची गाडी बिघडलेलीच डोळ्यांसमोर येते. ताईंची गाडी धडधाकट आहे.

'टोइंग'ही नको. पुण्या-मुंबईत टोइंग म्हणजे पोलिसांनी गाडी उचलली, आता दंड भरून सोडवून आणा.

बिनपगारी गार्ड

रेल्वेत आयुष्य गेलं म्हणून बोलतो. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे रात्री लाल दिवा लागतो आणि दिवसा 'एलव्ही'ची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची पाटी. त्याचा अर्थ (हा साधा अर्थ) असा की गाडी इथे संपली, पूर्ण आली, मध्येच डबे तुटून मागे राहिलेले नाहीत. स्टेशनावरचा माणूस तेवढ्यासाठी जाणाऱ्या गाडीचं शेपूट बघत उभा असतो. दिवा त्या डब्याचा नसतो, अख्ख्या गाडीचा असतो. ताईंच्या छोट्या गाडीचंही तेच. मागून येणाऱ्याला मोटरहोमचा ब्रेक दिसतच नाही, मध्ये ही उभी. त्यामुळे पुढचा जे करतो ते हिने मागे सांगायचं.

आजी ऑनलाइन

मग हिला पाठराखीण म्हणा की. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती. नवरीच्या मागे मागे चालते, स्वतःचं काही चालवत नाही, आणि पाठ राखते. गार्डसाहेबांनी सांगितलं ते काम तिचंच.

दर्यावर्दी

डिंगी मागे घेतो. पाठराखीण.

शब्दखूळ

+१. कर्षित वाहनही मागे.

डबल फिलामेंट

शब्द झकास. पण पाठराखिणीच्या वायरीत एक कलम आहे ते लक्षात ठेवा. दिवे मोटरहोमच्या विजेवर लागले तरी ती वीज पाठराखिणीच्या स्वतःच्या वायरिंगमध्ये उलटी शिरता कामा नये. नाहीतर तिचा डॅशबोर्ड उजळेल, नको ते रिले कटकट करतील, काहीही होईल. म्हणून मध्ये डायोड घालतात. शेतकरी मंडळींना एका वाक्यात सांगतो: विहिरीतल्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह. पाणी वर जाईल, खाली येणार नाही. आमच्याकडे उलटी वीज आली की 'बॅक मारते' म्हणतात.

भटकभवानी

काकांनी सांगितलेल्या त्या कलमावरच माझा पूर्ण शनिवार गेला. आमच्या छोट्या गाडीत साइडचा बल्ब वेगळा, पिवळा. मोटरहोम मात्र अमेरिकन, एकाच वायरीवर ब्रेक आणि वळण. मग ती वायर पिवळ्याला जोडायची की लालला? पिवळ्याला जोडली असती तर ब्रेक मारल्यावर मागे दोन पिवळे दिवे लागले असते. म्हणून लालला जोडली. पण गाडीत ब्रेकची वायर दोन्ही बाजूंना मिळून एकच येते आणि मागे पोचल्यावर फुटते. फाट्याच्या अलीकडे जोडलं की दोन्ही बाजू एकदम लुकलुकणार. म्हणून प्रत्येक दिव्याच्या पाठीशी जाऊन वायर तोडली आणि डायोड बसवले. दोन बाजू, दर बाजूला ब्रेक आणि पार्किंग, असे चार. आता पिवळे दिवे ओढताना गप्प असतात आणि गाडी एकटी चालवताना नेहमीसारखे लागतात. भाऊ अजून विचारतो, "पिवळे का बंद ठेवलेस?"

नवा पंचविशी

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी: त्यातला कॉम्प्युटर बल्ब तपासत बसतो, मध्ये डायोड दिसला की काहींत बल्ब गेल्याची तक्रार करतो. त्यापेक्षा दिव्याच्या खोक्याला भोक पाडून मोटरहोमसाठी वेगळा बल्ब बसवलेला बरा. दोन्ही वायरिंगची गाठच पडत नाही.

आजी ऑनलाइन

सोवळं-ओवळं वेगळं.

शब्दखूळ

तिसरा प्रश्न राहिला. ब्रेक आणि साइड एकाच वायरीवर. 'डबल' म्हणता येणार नाही, तो शब्द काकांनी आधीच पार्किंग-ब्रेकला दिलाय. 'जोडलाइट'?

डबल फिलामेंट

जोडलाइट म्हणजे दोन दिवे शेजारी. इथे दिवा एक आणि हक्कदार दोन. ब्रेक दाबलेला असताना डावी साइड दिली तर डावीकडचा लाल लुकलुकायला लागतो आणि उजवीकडचा स्थिर जळत राहतो. म्हणजे डावीकडे साइडने ब्रेकचा हक्क मारला. ही भावकीची विहीर झाली. सातबाऱ्यावर काय लिहितात?

भटकभवानी

सामाईक!

डबल फिलामेंट

सामाईक. ज्याची पाळी त्याचं पाणी.

भटकभवानी

लिहून टाकलं. वायरींना कागदी टेप गुंडाळून त्यावर मार्करने: पिवळीवर 'सामाईक डावी', हिरवीवर 'सामाईक उजवी', तपकिरीवर 'पार्किंग'. पांढरीचा घोळ असा निघाला की मी तिचा स्क्रू बंपरमागच्या पत्र्यात आवळला होता, पण पत्र्यावर रंगाचा जाड थर. भावाने फोनवरून रुपयाएवढी जागा खरवडायला लावली. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत झाला, मग दातेरी वॉशर, मग स्क्रू, आणि वरून गंजू नये म्हणून ग्रीसचं बोट. ओढायच्या दांडीतून अर्थ मिळेल या भरवशावर राहायचं नाही, असंही बजावलं. तिच्या पिना ढिल्या असतात आणि त्यांना ग्रीस लागलेलं असतं.

डावी दिली, डावीच लागली. नवरा मागे उभा राहून ओरडला, "आता अर्थ लागला!"

पांढरीवरच्या टेपवर काय लिहावं ते अजून ठरत नाहीये. 'अर्थ' लिहिलं तर इथला कुणी मराठी पाहुणा वाचून म्हणेल, बाकीच्यांना नाही का?

बर्मिंगहॅमकर

'माती' लिहा.

डबल फिलामेंट

अहो, दिव्याच्या वायरीवर 'माती' लिहितात होय? कोरी ठेवा. आणि दोन्ही गाड्यांच्या मधली ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली केबल वळणावर ताणली जात नाही ना, तेवढं मोकळ्या मैदानात गाडी पूर्ण वळवून एकदा बघून घ्या. तिला आम्ही फोनची वायर म्हणतो.