गच्चीवर चौधारी, करटोली, सात शिरांची भेंडी: पहिल्यांदाच लावतेय, काय जमेल?

गच्चीवाली_पुणे

नमस्कार मंडळी. कोथरूडला गच्चीवर बाग आहे माझी. मिरची टोमॅटो मेथी पालक वांगी दरवर्षी होतं आणि बऱ्यापैकी होतं, पण खरं सांगू का, तेच ते लावून कंटाळा आलाय, जे खाली भाजीवाल्याकडे मिळतंच ते मी एवढं पाणी घालून वाढवते असं घरचे म्हणतात आणि ते काही अगदीच खोटं नाही. तर या पावसाळ्यात बाजारात सहज न मिळणारं काहीतरी लावायचंय.

यादी अशी आहे: चौधारी (चार धारांच्या हिरव्या शेंगा, आजोळी राजापूरला खायचो), करटोली, गोव्याची सात शिरांची भेंडी, लाल भेंडी, आणि आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवर बघून हट्ट धरलाय तो रंगीबेरंगी मका आणि निळे टोमॅटो.

ऊन सकाळपासून दुपारी तीनपर्यंत असतं. 15 बाय 15 इंची ग्रो बॅगा आहेत, थोड्या 18 च्या पण आहेत, आणि एक लोखंडी मांडव आहे ज्यावर दरवर्षी दुधी चढतो. सगळं एकदम लावू की थोडं थोडं? बॅगेत येतं का हे सगळं? आणि बी आत्ता मे मध्येच टाकू की पाऊस पडल्यावर?

तांबडीमाती_कुडाळ

ताई चौधारी नक्की लावा, आमच्याकडे कुंपणावर आपोआप चढलेली असते, कोणी फार लक्षसुद्धा देत नाही. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, ही वेल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येत नाही. जून मध्ये लावा नाहीतर एप्रिल मध्ये लावा, फुलं येणार गणपती-दसऱ्याच्या पुढेच आणि शेंगा दिवाळीच्या आसपास. मधले तीन महिने नुसता पाला. पुण्यामुंबईची माणसं ऑगस्टमध्ये फोन करतात की काका वेल मांडवभर झाली पण फूल एक नाही, आणि मग घाबरून खत ओततात. खत घालू नका! मुळांवर गाठी असतात तिच्या, नत्र ती स्वतःच हवेतून घेते, वरून अजून शेणखत युरिया घातलात तर अजून पाला येईल, बाकी काही नाही.

बी दगडासारखं टणक असतं. सँडपेपरवर एका बाजूने जरा घासून घ्या आणि रात्रभर कोमट पाण्यात टाका, सकाळी जे फुगलेलं असेल तेवढंच लावायचं, न फुगलेलं परत घासायचं. 18 ची बॅग घ्या, एका बॅगेत एकच वेल.

शेंग बोटभर झाली की काढायला सुरुवात करा. वाकवल्यावर कट्टकन मोडली पाहिजे. वाकून नुसती लवली तर जून झाली, मग चावून चोथा थुंकावा लागतो. कोवळी असताना बारीक चिरून वर ओलं खोबरं, बस. फुलं आणि कोवळा पालाही खातात, आणि वेलीखाली गड्डा धरतो तोही उकडून खाता येतो पण बॅगेत तो फार मोठा व्हायचा नाही.

घाटमाथा

चौधारीबद्दल काका बरोबर बोलले. मी करटोलीवर लिहितो कारण ९९% लोक तिथेच आपटतात.

करटोलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. दुधी भोपळ्यासारखं एकाच वेलीवर दोन्ही फुलं हा प्रकार नाही. लोक बाजारातून पिकलेलं करटोलं आणतात, बी काढून लावतात. आधी तर ते उगवायलाच नखरे करतं, आणि उगवलं तरी नर किती मादी किती हे फूल आल्याशिवाय कळत नाही. मांडवभर नर वेली पोसून एक करटोलं मिळालं नाही अशी उदाहरणं आहेत. म्हणून गड्डे घ्या, आणि गड्डा देणाऱ्याला विचारूनच घ्या की मादीचा आहे का. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, तुमच्याकडे दोन माद्या असल्या तरी एक नर लागणारच.

ओळख कशी करायची तर फुलाच्या मागे बघा. मादी फुलाच्या खाली आधीपासूनच इवलंसं काटेरी करटोलं असतं, नराच्या खाली नुसता देठ, आणि नराच्या कळीला एक पान टोपीसारखं गुंडाळलेलं दिसतं. फुलं उमलतात संध्याकाळी, अंधार पडता पडता. गच्चीवर किडे येतील याचा भरवसा धरू नका, त्या वेळी वर जाऊन नर फूल तोडून मादीच्या फुलात हलकेच फिरवायचं. सकाळी चहा पीत पीत करू म्हणाल तर वेळ गेलेली असते.

आणि नोव्हेंबर-डिसेंबरात वेल वाळून जाईल तेव्हा मेली म्हणून बॅग ओतून देऊ नका!! गड्डा आत जिवंत असतो. बॅग कोरडी ठेवून कोपऱ्यात सारून द्या, वळवाच्या पावसाला स्वतःहून फुटेल. वर्षागणिक वेल दांडगी होत जाते. माझ्या मते पहिल्या वर्षी फक्त करटोलीवर विसंबून राहू नये, पण गड्डा मिळाला तर एका कोपऱ्यात लावून ठेवावा.

पेडणेकार

सात शिरांची भेंडी आमच्याकडे पावसाळ्याचीच भाजी. नेहमीच्या भेंडीला पाच शिरा, हिला सात, रंग फिकट हिरवा आणि लांब होते, पण गंमत म्हणजे लांब झाली तरी कोवळी राहते, बाजारातल्या हायब्रीडसारखी दोन दिवसांत लाकूड होत नाही. हिला आता जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आगशीच्या वांग्यालाही मिळालंय, त्यामुळे नाव ऐकून पर्यटकसुद्धा विचारायला लागलेत.

मे अखेरीला बी टाका, म्हणजे जोराचा पाऊस सुरू व्हायच्या आत रोप हातभर होतं. झाड उंच जातं, माणसाच्या डोक्यावर, गच्चीवर वारा असेल तर काठी बांधावीच लागेल. आणि बॅगेच्या तळाची भोकं बघून घ्या, पाणी साठलं की मूळ कुजतं. ही सुंगटांच्या हुमणात (कोळंबीच्या आमटीत) टाकून बघा, सुकी सुंगटं असली तरी चालतील. बी हवं असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मे महिन्यात बायका बियांच्या पुड्या घेऊन बसतात, पुण्याहून कोणी येत असेल तर सांगा त्याला.

बी_जपणारा

चिरंजीवांच्या हट्टाबद्दल. निळ्या स्ट्रॉबेरी, इंद्रधनुष्यी गुलाब, निळी टरबुजं अशा फोटोंची पाकिटं ऑनलाइन ढिगाने असतात, ती घेऊ नका, फोटोवर नुसता रंग चढवलेला असतो. माझ्या ओळखीत एकीने असं पाकीट मागवलं तर त्यातून राजगिरा उगवला, निदान भाजी तरी झाली.

पण निळे टोमॅटो अगदीच खोटे नाहीत. इंडिगो रोझ नावाचा वाण अमेरिकेत ओरेगॉनच्या विद्यापीठाने 2012 मध्ये आणला, तो खरोखर गडद जांभळा असतो, मात्र फक्त सालीला आणि तेही उन्हाची बाजू. पानाखाली झाकलेला भाग जांभळा होत नाही, आणि कापल्यावर आत साधा लाल टोमॅटो. तो ऑक्टोबरमध्ये लावा, पावसाळ्यात टोमॅटोला करपा खातो हे तुम्हाला माहीतच असेल.

रंगीत मका (ग्लास जेम) पण खरा आहे, पण मुलाला आधीच सांगा की तो भाजून लिंबू-मीठ लावून खायचा मका नाही. दाणा वाळवून पीठ करायचा किंवा लाह्या फोडायचा. आणि मक्याचं परागीकरण वाऱ्याने होतं त्यामुळे कठड्याला एका ओळीत चार बॅगा ठेवल्यात तर कणीस बोळकं निघणार, मध्ये मध्ये दातच नाहीत. चार बाय चारचा चौकोन करून दाटीने ठेवलात तर दाणे भरतील. एवढ्या बॅगा मक्यात अडकवायच्या का ते तुम्ही ठरवा, मी नसत्या अडकवल्या.

लाल भेंडीत वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेची काशी लालिमा आहे, सरळ वाण आहे, म्हणजे बी धरून पुढच्या वर्षी लावता येतं. झाडावर फार सुंदर दिसते. कढईत पडली की लाल रंग जातो आणि हिरवी होते, तेव्हा पाहुण्यांना दाखवायची असेल तर झाडावरच दाखवा. फक्त ती आणि सात शिरांची शेजारी शेजारी लावून दोन्हींचं बी धरू नका, भेंडीत मधमाश्या थोडा संकर करतातच. बियाण्यासाठी जी शेंग ठेवायची तिच्या कळीला उमलायच्या आदल्या संध्याकाळी मलमलची पुरचुंडी बांधा, शेंग धरली की सोडून दोरा बांधून खूण करा.

अजून एक. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्या बियाणे बँकेत वाल-घेवड्याचेच कितीतरी गावरान प्रकार आहेत. वेगळं हवं म्हणून लोक अमेरिकेकडे बघतात आणि इथे जांभळ्या कडेचा, चपट्या शेंगेचा, घोसाने लागणारा घेवडा कोणाला माहीत नसतो. घेवड्यात संकर फारसा होत नाही, बी जसंच्या तसं राहतं, राखेत घोळवून बरणीत ठेवा.

जर्सीतला_मराठी

काकांचं चौधारीचं म्हणणं इकडे न्यू जर्सीत जास्तच लागू पडतं. सप्टेंबर अखेर फुलं यायला लागतात आणि ऑक्टोबरात पहिलं हिमदव पडलं की वेल एका रात्रीत काळी. इकडे कोणी वाचत असेल तर उरिझुन नावाचा जपानी वाण शोधा, तो दिवसाच्या लांबीसाठी अडून बसत नाही. पुण्यात त्याची गरज नाही, तुम्हाला थंडी आहे कुठे.

गच्चीवाली_पुणे

बापरे, सगळ्यांचे खूप आभार, घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मका रद्द, चिरंजीव थोडे रुसलेत पण जांभळ्या टोमॅटोवर तडजोड झाली ऑक्टोबरसाठी. मांडव या वर्षी दुधीऐवजी चौधारीला. सात शिरांची भेंडी चार बॅगा, लाल नको, बी धरायची हौस आहे आणि पुरचुंड्या बांधत बसायला वेळ नाही.

करटोलीचे गड्डे पुण्यात कुठे मिळतील? नर्सरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला सगळे गड्डे सारखेच असतात, नरबिर काही नसतं.

घाटमाथा

त्या नर्सरीवाल्याकडून घेऊ नका मग 😄 जुलैत भोर-वेल्ह्याकडच्या बायका रानातली करटोली विकायला येतात ना, त्यांच्याशी बोला. ज्या वेलीची करटोली तोडून आणली ती मादीच असणार, तिलाच खूण करून ठेवायला सांगा आणि गड्डा वेल वाळल्यावर मागा. नराचा एक गड्डा वेगळा, वेगळ्या पिशवीत. थोडे जास्त पैसे द्या, खणायला मेहनत असते. म्हणजे या वर्षी नाही, पुढच्या पावसाळ्यात लागेल तुमच्याकडे.

तांबडीमाती_कुडाळ

चौधारीचं बी माझ्याकडे आहे, निरोप टाका, पोस्टाने पाठवतो. पैसे नकोत, शेंगा वाळल्या की त्यातलं मूठभर अजून कोणाला तरी द्या.