निकालाच्या टक्क्यामागची मुलं

एकांनी लिहिलंय, नाशिक महापालिकेच्या माध्यमिक शाळांचा दहावीचा निकाल मागे राहतो, कारण 'मुलंच तशी येतात'. हे मला अजिबात पटत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची मुलं आहेत ही. कुणी खानदेशातली, कुणी पेठ-सुरगाण्याकडची, कुणी थेट उत्तर प्रदेश-बिहारमधली. घरी अहिराणी, आदिवासी कोकणी बोली नाहीतर भोजपुरी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत! मी सातपूरला संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. शाब्दिक उदाहरणापाशी अडलेलं मूल, तेच तोंडी समजावलं की झटकन सोडवतं. अडतं ते भाषेत, गणितात नव्हे.

त्यात भाड्याची खोली बदलली की शाळा बदलते. मोफत शिक्षण देणाऱ्या शिक्षणहक्क कायद्याचं (२००९) कवचही आठवीपर्यंतच.

म्हणून एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीकडे लक्ष द्या. आठवीत परीक्षा, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. एवढ्यावर एखादी मुलगी शाळेत टिकते. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खाडा केला की त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून कितीतरी पालक जातच नाहीत. हे दाखले मिळवून देण्याच्या कामात कुणी सोबत येणार असेल तर जरूर सांगा.