मदत हवी आहे: चुन्यातल्या जुन्या भिंतीची ओल

जुन्या वस्तीतल्या घराचं आकर्षण म्हणजे दीड-दोन फुटी भिंती, आतला गारवा आणि सगळं पायी गाठता येणं. पण चुन्यात बांधलेल्या विटांवर नंतर कुणी सिमेंटचा गिलावा केला की घोळ होतो. ओल बाहेर पडत नाही, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागतो, पोपडे सुटतात. अशाच भिंतीचं सिमेंट काढून, विटांमधल्या दरजा (सांधे) इंचभर खरवडून त्यात १:३ प्रमाणात चुना-वाळू भरायची आहे. भिजवून मुरवलेला चुना घ्यावा की हायड्रॉलिक, म्हणजे पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा? गिलाव्याआधी भिंत किती दिवस सुकू द्यावी, आणि लोणा परत आला तर गिलाव्याचा पहिला थर बळी देऊन, म्हणजे क्षार त्यात शोषू देऊन, काढून टाकावा का? वॉटरप्रूफ रंग कृपया सुचवू नका. त्यानं अडलेली ओल आणखी वर चढते.