तिसऱ्या पक्षाला दिलेले मत वाया जाते का?

गोदाकाठ:
आमच्या मतदारसंघात खरी लढत दोनच पक्षांत होते, परंतु ज्याची भूमिका मला पटते तो उमेदवार तिसऱ्या पक्षाचा आहे आणि तो निवडून येणार नाही, हे उघड आहे. घरातील ज्येष्ठ मंडळी २०१९च्या लोकसभा निवडणुकीतील नांदेडचा दाखला देऊन मत वाया घालवू नकोस असे बजावतात. त्यात कितपत तथ्य आहे?

साशंक:
नांदेडपुरते बरेच तथ्य आहे. तेथे काँग्रेसचे तेव्हाचे उमेदवार अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पराभूत झाले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजारांवर मते मिळाली. त्यांपैकी चौथा हिस्सा काँग्रेसकडे वळून बाकीचे मतदार घरी बसले असते, तरी निकाल फिरला असता. सोलापुरात मात्र सुशीलकुमार शिंदे सुमारे १ लाख ५८ हजारांनी मागे राहिले आणि वंचितचे प्रमुख प्रकाश आंबेडकर यांना सुमारे १ लाख ७० हजार मते मिळाली. तेथे ‘वंचितने मते खाल्ली’ हे म्हणणे खरे ठरायला त्या दहापैकी नऊहून अधिक मतदारांनी काँग्रेसलाच मत दिले असते असे मानावे लागते, आणि ते मला तरी पटत नाही.

अकोलेकर:
मुळात ही मते काँग्रेसच्या मालकीची होती, असे धरून चालणेच गैर आहे. आमच्या अकोल्यात जिल्हा परिषदेत आंबेडकरांच्या पक्षाने अनेक वर्षे सत्ता राखली, ती अशाच ‘वाया गेलेल्या’ मतांतून उभ्या राहिलेल्या संघटनेच्या बळावर. निकालानंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता जाहीर होतो. कोणत्या वस्तीत आपली किती मते आहेत हे त्यावरून कळते आणि पुढच्या पंचायत समितीचा उमेदवार त्यानुसार ठरतो.

साशंक:
संघटनेचा मुद्दा मान्य आहे, पण मतांचे बळ जागावाटपात वटवावे लागते. २०२४मध्ये महाविकास आघाडीशी बोलणी फिसकटली, वंचित स्वबळावर लढली, तिची मते बरीच घटली आणि जागा एकही मिळाली नाही. गोदाकाठ, आपल्याकडे गेल्या वेळी दोन प्रमुख उमेदवारांत किती मतांचे अंतर होते आणि तिसऱ्याची अनामत वाचली होती का, म्हणजे वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते त्याला पडली होती का, एवढे सांगितलेत तर नेमके बोलता येईल.