भाचीला नर्सिंगला घालावं का? घरात वाद पेटलाय

रानजाई: भाची बीएस्सी नर्सिंगची सीईटी देतेय. भाऊजींचं म्हणणं, रात्रपाळ्या करायला लेक वाढवली नाही. मी म्हणते, घरोघरी म्हातारी माणसं, शुगर-बीपी, नवी हॉस्पिटलं, याच्याइतकी डिमांड कशाला आहे? डब्ल्यूएचओच्या हिशोबाने 2023 मध्ये जगात 58 लाख नर्सेस कमी होत्या!

नाइटड्यूटी: ताई, त्याला डिमांड नाही, गरज म्हणतात. डिमांड असती तर पैसे मोजले असते ना कुणी. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून नऊ वर्षं खासगीत काढलीत, नाइटला आम्ही दोघी आणि पेशंट 34, नर्सिंग कौन्सिलचा नियम म्हणे जनरल वॉर्डला पाच पेशंटला एक नर्स. एकाची सलाईन संपत आली म्हणून धावावं तर पलीकडचा नातेवाईक ओरडतोय, सिस्टर कधीची बेल दाबतोय! डबा उघडला पहाटे चारला. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या कमिटीने सांगितलं होतं की 50 च्या आत बेड असले तरी 20 हजाराच्या खाली पगार नको. माझ्या हातात 14.

ब्रदरसाहेब: खासगीवरून सगळं ठरवू नका हो. एम्सची नॉर्सेट, म्हणजे सरकारी नर्सभरतीची परीक्षा काढली की बेसिकच 44,900. मी बीएस्सी होऊन दोन वर्षं घासली, तिसऱ्यांदा निघाली.

नाइटड्यूटी: आणि तुमच्यासोबत बसलेल्यांपैकी न निघालेले कुठे गेले? आमच्याकडेच आले, 14 हजारावर.

रानजाई: बरं मग परदेश? जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारचा कुशल माणसं पाठवायचा करार झालाय ना.

बिऱ्हाड_श्टुटगार्ट: झालाय, पण करार झाला म्हणून कुणी विमानात बसवत नाही. बायको इथे नर्स आहे, आधी जर्मन भाषा बी2 लेव्हलपर्यंत शिकली, त्यातच दीड वर्ष गेलं. आणि आपल्याकडे वॉर्डातल्या मावशी किंवा नातेवाईक करतात ती आंघोळ, भरवणं, डायपर बदलणं, हे इथे नर्सच करते. पहिले सहा महिने तिला वाटायचं यासाठी का शिकले. आता विचाराल तर परत यायचं नाव काढत नाही 😄

नाइटड्यूटी: म्हणजे डिमांड आहे, पण श्टुटगार्टात. असो, भाचीला घालायचंच असेल तर कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का ते बघा, नुसती बिल्डिंग नको. आणि नोकरी धरताना बॉन्ड म्हणून ओरिजिनल सर्टिफिकेटं मागितली तर देऊ नका, माझी सोडवायला आठ महिने लागले.