८७ ची पद्मिनी बॅटरीवर करावी म्हणतो, जमंल का?

मोटारवाला_परभणी

राम राम मंडळी. वसमत रोडला माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवं वाइंडिंग करायचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली, विहिरीच्या, बोअरच्या, गिरणीच्या मोटारी भरायलो. तांबं आणि वार्निश यांच्याशी माझं जमतं, पेट्रोलच्या इंजिनाशी नाही.

सासऱ्यांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी माझ्या दारात येऊन पडलीय. "जावईबापू, तुम्ही न्या, नाही तर भंगारवाला नेतो," म्हणले. हँडलचा गियर, नंबर जुना तीन अक्षरांचा. पत्रा मात्र ठणठणीत, आपल्याकडं समुद्राची खारी हवा नाही हे एक बरंय. इंजिनाची बोंब आहे. डिपस्टिक ओढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. मेस्त्री म्हणतो हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधली पट्टी गेली, हेडही वाकलं असंल. त्यात इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडल्यात. इथेनॉल आपल्याच उसाचं, म्हणून बोलायचीही चोरी.

तर इंजिन काढून मोटारच बसवावी असं डोक्यात आलंय. दुकान, घर, मोंढा एवढंच रोजचं फिरणं. महिन्यातून एकदा सासरवाडी जिंतूर, जाऊन येऊन ९० किमीच्या आसपास. पाच एचपीची मोटार ओढील का? परभणीच्या मे महिन्यात बॅटरी टिकंल का? आणि आरटीओ काय म्हणंल? गाडी बॅटरीवर करायचं तयार किट बसवणाऱ्या पुण्याच्या एका किटवाल्यानं फोनवर सहा लाख सांगितले. गाडी कोणत्या सालची हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

वाळूजचा_फिटर

दादा, मी शेतातली जुनी जीप बॅटरीवर केलीय, त्यावरून सांगतो.

पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. चार माणसं बसवून सपाट रस्त्यावर ५५ च्या वेगानं जायला पद्मिनीला साडेपाच किलोवॅट तरी लागतील. चढ आणि ओव्हरटेक धरून १५ ची मोटार घ्या. मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ४० बीएचपीच्या आसपास, म्हणजे ३० किलोवॅट. पण ती ताकद फुल रेसला मिळते. मोटार जागेवरूनच पूर्ण ओढ देते, त्यामुळे १५ कमी वाटत नाही. गियरबॉक्स आहे तोच ठेवा, मोटार त्याला जोडायला मध्ये अॅडॅप्टर प्लेट टाका. प्लेट चांगल्या लेथवाल्याकडूनच करून घ्या. सेंटर जरा हललं की इनपुट शाफ्टचं बेअरिंग खाल्लंच समजा. तुमच्या गाडीच्या ब्रेकला इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर नाही, म्हणून व्हॅक्यूम पंपाची भानगड तेवढी वाचली.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या. ३.२ व्होल्टचे ३० सेल सिरीजमध्ये, म्हणजे ९६ व्होल्ट. १५० एएचचे घेतले तर १४.४ युनिट साठतात. सगळी पिळायची नाही म्हटलं तरी ८५-९० किमी निघेल. म्हणजे जिंतूर काठावर आहे, सासरवाडीत प्लग लावावा लागेल. उन्हातून आल्याआल्या चार्जिंग लावू नका, गाडी लिंबाखाली उभी करा, रात्री लावा.

आता मुद्द्याचं. तुमच्या धंद्यातली सवय इथे जिवावर येईल. मी पहिल्यांदा स्टार्टरमधलाच जुना कॉन्टॅक्टर, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, लावला होता. बंद केला, पॉइंट उघडले, पण मधे निळा जाळ तसाच उभा! लाइनच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून जाळ तुटतो. बॅटरीच्या डीसीत तो शून्यावर येतच नाही. पॉइंट वितळून चिकटले, बेकेलाइटचा वास आठ दिवस शेडमधून गेला नाही. कॉन्टॅक्टर, फ्यूज, एमसीबी, सगळं डीसीचंच पाहिजे.

कागदाचं मला विचारू नका. माझी जीप बांधाबाहेर जात नाही.

मोटारवाला_परभणी

फिटरभाऊ, हे निळ्या जाळाचं बरं सांगितलंत. माझ्याकडं जुने कॉन्टॅक्टर पोतंभर पडलेत, त्यातलाच एक साफ करून ठेवला होता. आत्ता उचलून परत पोत्यात टाकला.

निवृत्त_कागदवाला

अहो, खर्चाआधी हे वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीनं बनवली त्यात मनानं बदल करायचा नाही. इलेक्ट्रिकला वाट आहे, पण मान्यताप्राप्त किट आणि ते बसवणारा अधिकृत माणूस पाहिजे. तुम्ही कितीही सुंदर वाइंडिंग केलंत तरी घरी जोडलेलं चालणार नाही. आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. तो न बदलता गाडी रस्त्यावर काढलीत आणि अपघात झाला, तर विमेवाला हात वर करेल.

पण तुमची अडचण त्याच्याही अलीकडची आहे. पूर्ण इलेक्ट्रिक करायला गाडी १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेली असावी असा नियम आहे. तुमची ८७ ची. तीन वर्षांनी हुकली. हायब्रिड (पेट्रोल अधिक बॅटरी) किटला तर मूळ गाडी बीएस-२ या धुराच्या नियमातली किंवा पुढची लागते, पद्मिनी त्यात बसत नाही.

मोटारवाला_परभणी

काका, तुम्ही तर दोन ओळीत फ्यूजच काढला. किटवाल्याला आत्ताच फोन केला. म्हणला, "ते बघू, मॅनेज होतंय." मी म्हणलं, तुझं मॅनेज होईल, गाडी माझ्या नावावर आहे. ठेवला.

खरं सांगू का, वाईट वाटलं. बायकोला बोनेट उघडून मोटार कुठं बसंल, बॅटरी डिक्कीत किती राहील, सगळं दाखवून झालं होतं. ती म्हणली, "मग माझ्या बापाच्या गाडीचं इंजिन कुठं ठेवणार?" तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं.

डुक्कर_फियाटचा_मालक

बरं झालं वाचली बिचारी! माझ्याकडं पद्मिनीची आजी आहे, पुढची दारं उलटी उघडणारी. दादा, हेड वाकलंय ना, मग प्लेनिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घ्या, गॅस्केट नवं टाका. सिलिंडरचा बोअर झिजला असंल तर रिबोअर (आतून मोठा) करून ओव्हरसाइज पिस्टन. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, दोन-अडीच फुटांचाच तर खेळ आहे. अन् एक हिशोब करा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की व्हिंटेज म्हणून नोंद होते, २०२१ पासूनचा नियम आहे. पण गाडी मूळ रूपात पाहिजे. तुमची २०३७ ला बसती. मोटार टाकली असती तर तेही गेलं असतं.

मोटारवाला_परभणी

२०३७ ला मी एकसष्टचा असंन. सासरे तर आत्ताच विचारायलेत, "दसऱ्याला गाडी घेऊन येताव ना?"

आज सकाळी मेस्त्रीला घेऊन हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध गॅस्केट जळून काळी रेघ पडलीय, बोटाएवढी. पट्टी लावून बघितलं, हेड मधून उचललेलं आहे. उद्या प्लेनिंगला देतो.

मोटारीचा नाद सुटलाय असं नाही हां. मानवतला एकाकडं ९६ ची पद्मिनी झाकून ठेवलीय म्हणतात. रविवारी चाललो. काका, आरसीत आधी काय काय बघू ते तेवढं सांगा.