मदत हवी आहे: पुरस्काराच्या अर्जाला पुरावा म्हणून काय जोडू? सोमवारपर्यंतच वेळ आहे

दूधगंगाकाठ | गुरुवार, रात्री १०:४०
नमस्कार. सोमवारी संध्याकाळपर्यंत अर्ज द्यायचाय आणि मी चौथ्या पानावर अडकून बसलेय. तिथे विचारलंय: "सर्वसमावेशक अध्यापनासाठी केलेले प्रयत्न व त्यांचे मोजता येण्याजोगे परिणाम, पुराव्यासह." मोजता येईल असं माझ्याकडे काय आहे तेच सुचत नाही. मोबाइलवर केलेली धड्यांची चाळीसेक रेकॉर्डिंग्ज आहेत आणि एक वही आहे. पुढच्या पानावर "प्राप्त संशोधन निधी" असा रकाना, तो पूर्ण रिकामा जाणार. प्राचार्य म्हणतात फोटो जोडा. मला फोटो जोडायचे नाहीत. असा अर्ज कुणी भरलाय का? रेकॉर्डिंग संशोधनात धरतात का? लवकर सांगा, प्लीज.

निवृत्त_गुरुजी | गुरुवार, रात्री ११:०५
कुठला पुरस्कार, कुणाचा? विषय कोणता शिकवता? कॉलेज अनुदानित आहे का, यूजीसीच्या २(एफ) आणि १२(बी) खाली, म्हणजे मान्यता आणि अनुदानाच्या यादीत, आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग कुणी काय सांगायचं?

प्रयोगशाळा_बेळगाव | गुरुवार, रात्री ११:२०
केंद्र सरकारचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार असेल तर २०२३ पासून तो कॉलेज आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनाही देतात. ५० हजार रुपये, रौप्यपदक आणि प्रमाणपत्र. स्वतःचं नाव स्वतः सुचवता येतं. पण नेमणूक नियमित हवी आणि किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. तुम्ही पर्मनंट आहात का?

खानापूरची_लेक | शुक्रवार, सकाळी ६:५०
ताई, फोटो का नकोत ते सांगाल का? बहुतेक अडचण तिथेच आहे असं वाटतंय.

दूधगंगाकाठ | शुक्रवार, सकाळी ७:३०
राष्ट्रीय नाही हो. आमच्याच संस्थेचा आहे, संस्थेच्या सगळ्या कॉलेजांना मिळून. यंदा पहिल्यांदाच काढलाय. पुरस्कारासोबत संशोधनाला थोडा बीजनिधी, म्हणजे सुरुवातीपुरते पैसे, आहे आणि मला खरं तर तोच हवाय. मी समाजशास्त्र शिकवते, बी.ए.ला. पर्मनंट नाही, मॅनेजमेंटच्या पगारावर आहे, नववं वर्ष. कॉलेज कर्नाटकात, निपाणी भागात.

फोटोचं असं. वर्गात एक मुलगा आहे, जन्मापासून दिसत नाही. कार्यक्रमात त्याला पांढरी काठी देताना काढलेला फोटो जोडा असं सांगितलंय. काठी त्याच्याकडे आधीपासूनच होती. त्या दिवशी ती बाजूला ठेवायला लावून नवी दिली होती. तो फोटो माझ्या हातून अर्जाला लागणार नाही.

निवृत्त_गुरुजी | शुक्रवार, सकाळी ८:१५
आता कळलं. बाई, संस्थेच्या बीजनिधीवर थांबू नका. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर ही केंद्राची संशोधन परिषद आहे, १९६९ पासून. छोटे आणि मोठे प्रकल्प देतात. तुमचा विषय त्यांच्याच अंगणातला. मी स्वतः यूजीसीचा मायनर प्रोजेक्ट केला होता. तेव्हा आम्ही धारवाड विद्यापीठाला जोडलेले होतो, राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं ते २०१० ला. यूजीसीला अर्ज टाका आणि आयसीएसएसआरच्या मुंबईच्या केंद्रात जाऊन भेटा.

प्रयोगशाळा_बेळगाव | शुक्रवार, सकाळी ८:४०
सर, यूजीसीचे मायनर प्रोजेक्ट बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर संपले, म्हणजे २०१७ ला. त्यांनी २०२२ मध्ये नव्या योजना आणल्या, नव्याने लागलेल्यांसाठी डॉ. डी. एस. कोठारी अनुदान वगैरे, १० लाखांपर्यंत. पण त्या नियमित नेमणुकीवाल्यांना. आणि मुंबई केंद्र आपलं नव्हे. कर्नाटक आयसीएसएसआरच्या हैदराबादच्या दक्षिण केंद्राखाली येतो. त्यांना उगाच मुंबईला पाठवू नका.

मी म्हणेन एएनआरएफ बघा, संशोधनाला निधी देणारी केंद्राची नवी संस्था. पूर्वीचं एसईआरबी आता त्यात विलीन झालंय. त्यांची टेअर नावाची योजना छान आहे, कॉलेजचा शिक्षक आपली नोकरी सांभाळून मोठ्या संस्थेत जाऊन संशोधन करतो.

निवृत्त_गुरुजी | शुक्रवार, सकाळी ९:००
ती विज्ञान आणि इंजिनिअरिंगची. बाई समाजशास्त्राच्या. आणि नियमित नेमणूक तिथेही लागतेच की! हैदराबादचं तुमचं बरोबर, माझं चुकलं.

कोगनोळी_नाका | शुक्रवार, सकाळी ९:३५
नियमित नियमित म्हणताय, पण सीमाभागातला माणूस नियमित होणार कसा ते सांगा. मी कोल्हापुरातून एम.ए. केलं, महाराष्ट्राचा सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा, पास झालो. १ जून २००२ नंतरचा सेट फक्त त्याच राज्यात चालतो. नाक्याच्या अलीकडे माझं घर, पलीकडे माझी पात्रता. कर्नाटकात लागायचं तर देशभर चालणारी नेट काढा नाहीतर कर्नाटकाचा के-सेट द्या. मॅडम, तुमची नेट झालीय का? नसेल तर आधी ती काढा, पुरस्काराचं नंतर.

दूधगंगाकाठ | शुक्रवार, सकाळी १०:१०
माझा के-सेट झालाय. माझा प्रश्न तो नाही. पुरावा काय जोडू हा आहे.

सीमाभाग_८६५ | शुक्रवार, दुपारी १:००
मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. सीमाभागातली ही ८६५ गावं महाराष्ट्रात असती तर पोरांना मराठीत पुस्तकं मिळाली असती आणि मॅडमना रात्री जागून रेकॉर्डिंग करावी लागली नसती. सीमावादावरचा महाजन अहवाल १९६७ चा, आणि २००४ पासून आपण कोर्टाच्या तारखा मोजतोय.

दूधगंगाकाठ | शुक्रवार, दुपारी २:२०
दादा, तुमची तळमळ कळते, माझ्या वडिलांचीही तीच होती. पण माझ्या वर्गात मराठी माध्यमाची मुलं आहेत, कन्नड माध्यमाची आहेत, उर्दू शाळेतून आलेल्या मुली आहेत, आणि पुस्तक इंग्रजी. सगळीच अडतात.

रेकॉर्डिंग कशी सुरू झाली ते सांगते. संशोधन पद्धती शिकवताना मी म्हणाले, "या तक्त्यावरून अनुमान काढा." मराठी मुलं लिहायला लागली. कन्नड माध्यमातली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. कारण कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय! त्यांना वाटलं, तक्ता खोटा आहे असं मॅडम म्हणतायत. मग 'संसार'. मराठी पोरीला संसार म्हणजे घर चालवणं, कन्नड पोरीला संसार म्हणजे कुटुंब, घरातली माणसं. कुटुंबसंस्था शिकवताना दोघी एकच शब्द लिहून दोन वेगळी उत्तरं देत होत्या, आणि दोघींना मी चूक दिली होती. त्या दिवसापासून असे शब्द वहीत टिपते.

आणि तो मुलगा. त्याला पुस्तकाचा उपयोग नाही, म्हणून मी पहाटे पाचला गाद्यांच्या खोलीत बसून धडे बोलते, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. तिथे आवाज घुमत नाही. तो एसटीत कानाला लावून ऐकत येतो. आता बाकीचीही मागून नेतात. त्याची आई विड्या वळते, ती म्हणाली, हात कामात असतात पण कान मोकळे, मीही ऐकते.

पण मागच्या सेमला त्याचा एक पेपर राहिला. मग "परिणाम" म्हणून मी काय दाखवू?

वाचक_अथणी | शुक्रवार, दुपारी ३:०५
मॅडम, पुस्तक वाचून रेकॉर्ड करताय तर प्रकाशकाची परवानगी घेतली का? कॉपीराइटचं लफडं होईल. अर्जात लिहूच नका.

सहाबिंदू | शुक्रवार, दुपारी ४:१५
लिहा, बिनधास्त लिहा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलंय. अपंग व्यक्तीला वापरता यावं म्हणून पुस्तक ध्वनीत किंवा ब्रेलमध्ये आणायला त्यात सूट आहे, नफा कमवायचा नाही एवढंच. इतर मुलांना मात्र पुस्तक जसंच्या तसं वाचलेली फाइल देऊ नका. तुमच्या शब्दांत समजावलेलं आहे ते खुशाल द्या.

मला स्वतःला दिसत नाही. बँकेत आहे, हे सगळं स्क्रीन रीडरवर ऐकतोय. मॅडम, तो पेपर का राहिला? लेखनिक मिळाला होता का? जादा वेळ मिळाला का?

दूधगंगाकाठ | शुक्रवार, सायंकाळी ५:००
लेखनिक मिळाला. जादा वेळ केंद्रावर आधी नाही म्हणाले. मी धावत गेले, बोलणी होईपर्यंत पेपर संपत आला होता. शेवटचे दोन प्रश्न राहिले.

सहाबिंदू | शुक्रवार, सायंकाळी ५:३०
मग तो पेपर त्याने घालवलेला नाही. लेखनिक घेणाऱ्याला ताशी किमान २० मिनिटं जादा द्यायची, हे २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांपासून आहे. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. हेच अर्जात घाला: किती प्रश्नांना हात लावला, त्यात किती मार्क पडले, किती सुटले आणि का. मोजता येण्याजोगं मागतायत ना? हे मोजलेलं आहे.

दुसरं, अर्जात "मदत केली", "सहानुभूतीने" असे शब्द कुठेही ठेवू नका. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं कलम १६ बघा. अंध विद्यार्थ्याला सर्वांत योग्य भाषेत आणि योग्य माध्यमातून शिक्षण मिळेल हे बघणं संस्थेचं काम आहे, असं त्यात लिहिलंय. तुम्ही पहाटे उठून जे करताय ते संस्थेचं कर्तव्य आहे. मला कॉलेजात वर्गमित्र वाचून दाखवायचे. त्यांना वेळ नसला की माझा अभ्यास बंद. तो काळ मी विसरलेलो नाही.

खानापूरची_लेक | शुक्रवार, रात्री ८:४५
सहाबिंदू सरांच्या म्हणण्याला पूर्ण पाठिंबा. ताई, मी आमच्या कॉलेजात असे अर्ज तपासायला बसलेय. दहातल्या आठांना हार, शाल आणि फोटो असतात. समितीला खरं तर हवं असतं की आधी काय होतं, तुम्ही काय बदललं, आणि मग काय झालं. तुमची ती शब्दांची वही हाच पुरावा. तिची पानं स्कॅन करा, मुलांची नावं झाकून. त्या मुलाचं नाव, दिव्यांग कार्ड, फोटो काहीच नको, आणि त्याच्याबद्दल जे लिहाल ते आधी त्याला वाचून दाखवा.

निवृत्त_गुरुजी | शुक्रवार, रात्री ९:२०
थांबा. वही म्हणजे संशोधन नव्हे. पद्धत लागते. उद्या समितीत माझ्यासारखा कुणी बसला तर विचारेल, हे शब्द कसे निवडले, किती मुलांना विचारलं?

खानापूरची_लेक | शुक्रवार, रात्री ९:३०
सर, बीजनिधी त्याच्यासाठीच असतो ना? सगळं आधीच झालेलं असतं तर निधी कशाला मागितला असता?

निवृत्त_गुरुजी | शुक्रवार, रात्री ९:५५
हे मान्य. मग असं करा. वही पुरावा म्हणून जोडा आणि "प्रस्तावित संशोधन" मध्ये मांडा की हे शब्द गोळा झालेत, निधी मिळाल्यास पद्धतशीर तपासणी करणार. प्रत्येक शब्दाला चार गोष्टी लिहा: तारीख, धडा, मूल कुठल्या माध्यमातून आलं आणि त्याला काय अर्थ वाटला. रिकाम्या रकान्यात "निधी नाही, काम स्वखर्चाने" असं स्पष्ट लिहा. लाजायचं काही कारण नाही. वहीत किती शब्द आहेत?

दूधगंगाकाठ | शुक्रवार, रात्री १०:३०
आत्ता मोजले. ११२. तारखा सगळ्यांना आहेत, माध्यम अर्ध्यांनाच. आठवून लिहिते, जिथे आठवत नाही तिथे कोरं ठेवते.

नोट्स टाइप करून पण देते त्याला, पण म्हणतो मोबाइल वाचत नाही. ते का?

सहाबिंदू | शनिवार, सकाळी ७:१०
कुठल्या फॉन्टमध्ये टाइप करता? श्रीलिपी किंवा जुनी नुडी असेल तर डोळ्यांना अक्षर दिसतं, पण आत भलतीच चिन्हं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडमध्ये करा. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पीडीएफ केली असेल तर तीही मुकीच. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर टाका, फुकट आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतं. खर्चाच्या रकान्यात त्याचा एक रुपयाही धरू नका. पैसे रेकॉर्डर, हेडफोन आणि टायपिंगसाठी मागा.

एक रेकॉर्डिंग मला पाठवता का? ऐकून सांगतो.

कोगनोळी_नाका | शनिवार, सकाळी ९:००
मॅडम, के-सेटला पेपर कसा असतो? जुने पेपर असतील तर पाठवा.

दूधगंगाकाठ | शनिवार, दुपारी १२:४०
कोगनोळी, सोमवारनंतर नक्की पाठवते. सहाबिंदू सर, सामाजिक स्तरीकरणाचा धडा मेसेजमध्ये पाठवलाय. नोट्स श्रीलिपीतच होत्या, दोन वर्षं मला हे कुणी सांगितलं नाही. त्या मुलाला अर्जातला त्याचा भाग फोनवर वाचून दाखवला. म्हणाला, "मॅडम, नापास शब्द तसाच ठेवा, पण का ते पण लिवा."

सहाबिंदू | शनिवार, रात्री ८:१५
ऐकलं. आवाज स्वच्छ आहे, वेग बरोबर आहे, आधी मराठी मग कन्नड हा क्रमही चांगला. एकच. चौथ्या मिनिटाला तुम्ही म्हणता, "इथे वरचा वर्ग, आणि हा असा खाली खालचा." तुम्ही बोलताना हात करताय. 'इथे' म्हणजे कुठे, 'असा' म्हणजे कसा, ते आम्हाला कळत नाही. जिन्याच्या पायऱ्या म्हणा, वरची पायरी, खालची पायरी. तो कॉलेजचा जिना रोज चढतो.

दूधगंगाकाठ | शनिवार, रात्री ८:३०
उद्या पहाटे तेवढा भाग परत बोलते.